केळीचा टेकू

केळीच्या झाडात लाकूड नसतं. जमिनीवर दिसतो तो जाड, गुळगुळीत, हिरवट-तपकिरी खांब म्हणजे पानांच्या देठांची खालची रुंद टोकं, एकात एक घट्ट गुंडाळलेली. वनस्पतिशास्त्रात त्याला आभासी खोड म्हणतात. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. रोप वाढत असताना नवं पान या गुंडाळीच्या मध्यातून वर येतं, जुनी पानं बाहेर ढकलली जातात, वाळतात आणि त्यांची सालं सुटतात. तीस-पस्तीस पानं अशी येऊन गेली, की कंदाच्या टोकातून फुलोऱ्याचा दांडा निघतो. खांबाच्या पोकळीतून तो पाच-सहा फूट वर चढतो आणि माथ्यावर बाहेर पडून खाली वळतो. खान्देशात याला केळी निसवली म्हणतात. त्या दिवसापासून त्या झाडाला नवं पान येत नाही. जे बळ कमवायचं ते कमवून झालेलं असतं आणि ओझं मात्र पुढचे तीन-साडेतीन महिने रोज वाढत जातं.

केळीला टेकू का लागतो, याचं निम्मं उत्तर या रचनेत आहे. उरलेलं निम्मं वाऱ्यात आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आणि धुळे जिल्ह्यातला शिरपूर, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंतचा पट्टा. इथे केळीच्या बागेत बांबू किंवा पट्ट्या दिसल्या नाहीत, तर जाणता माणूस शेतकऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारतो. लागवड, खत, ठिबक यांवर पुष्कळ लिहिलं जातं. टेकूबद्दल शिफारशीच्या शेवटी एक ओळ असते, की घड पडल्यावर झाडास आधार द्यावा. आधार कसा, कुठे, कोणत्या बाजूने, किती आणि कधी द्यायचा, हे त्या ओळीत नसतं. वर्षभराची मेहनत मात्र त्याच ओळीवर उभी असते, म्हणून ती नीट उलगडून पाहू.

आधी तो खांब. वजनाच्या हिशेबाने त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. सालींच्या आत हवेचे लांब कप्पे असतात, त्यांच्या भिंती पातळ, आणि बाहेरच्या बाजूने चिवट धागे. पाण्याने पेशी फुगलेल्या असल्या, की प्रत्येक साल शेजारच्या सालीवर दाब देते आणि तेवढ्या दाबावर सगळा खांब ताठ राहतो. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी उभी धरली तर वरून बरंच वजन पेलते, पण तिला कडेला एक खळगा पडला की त्याच जागी ती दुमडते. केळीचंही तसंच. सरळ उभी असताना ती तीस किलोचा घड विनातक्रार धरते. कडेने दाब आला, की दाबाच्या बाजूची सालं चुरगळतात आणि खांब मधोमध मोडतो. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा दुपारी झाडातून पाणी भराभर उडतं, पेशी सैलावतात आणि हा खांब सकाळपेक्षा कमकुवत होतो. संध्याकाळच्या वावटळीत झाडं मोडतात, त्यात दुपारच्या उन्हाचाही हात असतो.

केळी पडते ती दोन तऱ्हांनी, आणि पडलेली बाग पाहताना हा फरक ओळखता आला पाहिजे. एक, खांब मधून मोडतो आणि मुळं जागेवर राहतात. दुसरी, अख्खं झाड कंदासकट उलथतं. पहिल्यात दोष पाण्याच्या ताणाचा, पालाश कमी पडल्याचा, नत्र भरमसाट दिल्याने खांब उंच आणि पोचट झाल्याचा, किंवा टेकू नसल्याचा. दुसऱ्यात दोष मुळांच्या पकडीचा. केळीला सोटमूळ नसतं. कंदातून चारी बाजूंना दोरीसारखी मुळं निघतात आणि त्यांतली बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात. ठिबकचं पाणी एकाच जागी पडत असेल तर ती तिथेच गोळा होतात. सूत्रकृमीने मुळं कुजवली असतील किंवा सोंडकिड्याच्या अळीने कंद पोखरला असेल, तर ताठ उभं झाडसुद्धा हलक्या झुळकीत आडवं होतं. अशा झाडाला वरून कितीही बांधा, खाली धरायलाच काही उरलेलं नसतं. म्हणून टेकूची पहिली पायरी जमिनीत आहे. निसवण्याआधी बुंध्याला मातीची भर देणं हे खऱ्या अर्थाने आधाराचंच काम आहे.

आता घड. त्याचं वजन हा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. पण झाड नुसत्या वजनाने जेवढं पडत नाही, तेवढं ते वजन खांबाच्या मध्यापासून किती दूर लटकतं, याने पडतं. ढोबळ हिशेब करून पाहू. घड २४ किलोचा धरू. तो खांबाच्या मध्यरेषेपासून साधारण सव्वा फूट बाजूला लटकतो. झाडाला त्या बाजूला ओढण्याचा जोर म्हणजे २४ गुणिले सव्वा, ३० झाला. बुंध्यापासून ६ फूट उंचीवर टेकू लावला, तर हा ३० चा जोर परतवायला त्या जागी आडवा रेटा लागतो ३० भागिले ६, म्हणजे ५ किलोचा. फक्त पाच. एक हात सहज देईल एवढा.

आता हेच झाड १० अंश झुकू द्या. शेतातून चालताना १० अंश बऱ्याचदा डोळ्यांत भरत नाहीत. पण ७ फुटांवरचा गळा तेवढ्या झुकण्याने सव्वा फूट बाहेर सरकतो. घडाचं अंतर सव्वाचं अडीच फूट झालं, जोर ३० चा ६० झाला आणि टेकूवर ५ च्या जागी १० किलो आले. २० अंशांवर गळा जवळजवळ अडीच फूट बाहेर जातो आणि टेकूला साडेचौदा किलो पेलावे लागतात. यात खांबाचं आणि पानांचं वजन धरलेलंच नाही. ते घडाएवढं, कित्येकदा त्याहून जास्त असतं, आणि झाड झुकलं की तेही त्याच बाजूला ओढतं. वजन तेच, झाड तेच, आणि टेकूवरचा भार तिप्पट-चौपट. शिवाय झुकलेल्या बाजूची सालं तोवर दबून चुरगळलेली असतात. ती पुन्हा फुगत नाहीत.

टेकूचं सगळं तंत्र या हिशेबातून निघतं. टेकू घडाचं ओझं उचलत नाही. ओझं झाडच उचलतं आणि त्याला ते उचलता येतं. टेकूचं काम एवढंच, की झाडाला सरळ राहू द्यायचं, म्हणजे ओझं खांबातून सरळ खाली कंदात उतरेल. झाड वाकल्यावर बांबू लावायला धावणाऱ्याच्या हाती दुप्पट बांबू आणि निम्मा उपयोग येतो.

इंग्रजीतले दोन शब्द हा भेद चांगला दाखवतात, आणि दोन्ही आपल्या शेतापर्यंत आले आहेत. सपोर्ट हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. ‘खालून’ आणि ‘वाहून नेणे’ असे त्याचे दोन तुकडे आहेत. म्हणजे मुळात ओझं खालून पेलणं. प्रॉप हा दुसरा शब्द भाषाशास्त्रज्ञ मध्ययुगीन डच भाषेतल्या एका शब्दाकडे नेतात. त्या शब्दाचा अर्थ द्राक्षवेलीला लावायची काठी, आणि बाटलीचं बूच असाही. पुढे तो खाणीच्या छताखाली लावायच्या लाकडाला, कपडे वाळवायच्या दोरीला मध्ये द्यायच्या काठीला आणि घराच्या कललेल्या भिंतीच्या टेक्याला लागू झाला. नाटकातल्या वस्तूंना किंवा विमानाच्या पंख्याला इंग्रजीत प्रॉप म्हणतात ते वेगळ्या लांब शब्दांचे तुकडे आहेत, या काठीशी त्यांचं नातं नाही. केळीच्या इंग्रजी पुस्तिकांत या कामाला प्रॉपिंग म्हणतात, म्हणजे वेलीच्या काठीचा शब्द केळीच्या बांबूला लागला. द्राक्षाला आणि केळीला एकच आधार मात्र चालत नाही. नाशिककडच्या मांडवावर द्राक्षवेल आपलं सगळं वजन टाकून मोकळी होते, कारण तिच्या खोडाला ते पेलायचंच नसतं. केळीला मांडव नको, फक्त कलू न देणारं कोणीतरी हवं. मराठीत धीर आणि धिरा हे शब्द शेजारी आहेत. धिरा म्हणजे टेकू, मोल्सवर्थच्या कोशातही तो या अर्थाने आहे. केळीच्या कामाला तो सर्वांत चपखल बसतो असं मला वाटतं, पण बागेत ऐकू येतात ते टेकू आणि आधार हेच शब्द.

खान्देशात टेकू इतका महत्त्वाचा केव्हा झाला, हेही सांगायला हवं. कित्येक दशकं इथली केळी म्हणजे बसराई. बुटकी, पाच-सहा फुटांचा खांब, आणि घडही तुलनेने हलका. वाऱ्यात तीही पडायची, पण बरीच बाग टेकूवाचून निघायची. मग टिश्यूकल्चरची रोपं आली. जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन या वाणाची रोपं शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि ठिबक, विद्राव्य खतं यांच्या जोडीने बागांचं रूप पालटलं. ग्रँड नैन या फ्रेंच नावाचा अर्थच थोराड बुटकी असा आहे. बसराईच्याच कुळातली, पण तिच्याहून उंच. साडेसहा-सात फुटांचा खांब, नऊ-दहा फण्या, पंचवीस-तीस किलोंचा घड. उंचीही वाढली आणि भारही वाढला, म्हणजे वरच्या गुणाकारातले दोन्ही आकडे एकदम वाढले. शिवाय टिश्यूकल्चरची बाग जवळजवळ एकाच वेळी निसवते. पूर्वी टेकूचं काम महिनाभर थोडं थोडं चालायचं, आता ते पंधरा-वीस दिवसांत अंगावर येतं.

हंगामही पाहा. मृग बागेची लागवड जून-जुलैत होते. ती साधारण सात-आठ महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निसवायला लागते आणि तिचे घड एप्रिल, मे आणि जूनमध्ये पोसतात. खान्देशातलं सर्वांत कडक ऊन आणि पावसाआधीची वादळं नेमकी याच दिवसांत येतात. कांदे बाग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागवडीची. थंडीत तिची वाढ रेंगाळते, आणि घड पावसाळ्याच्या ओल्या मातीत, सैल पकडीत पोसतो. दोन्ही बागांचा धोका वेगळा आहे. मृग बाग मोडते, कांदे बाग बहुधा उलथते. म्हणून मृग बागेत मी खर्च आधी टेकूवर करीन आणि कांदे बागेत आधी मातीची भर आणि पाण्याचा निचरा पाहीन.

वाऱ्याचा जोर किती असतो, तेही आकड्यांत पाहून घेऊ. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा आडव्या आलेल्या एक चौरस मीटरवर साधारण पावणेआठ किलोंचा रेटा देतो. वेग दुप्पट, म्हणजे ८० झाला की रेटा चौपट, तीस किलोंच्या वर. केळीचं पान दोन मीटर लांब आणि हात-दीड हात रुंद असतं. झाडावर अशी दहा-बारा पानं. ती वाऱ्यात वळतात आणि आडव्या शिरांच्या मधून फाटतात. फाटणं दिसायला वाईट, पण झाडाच्या बचावाचं आहे, कारण फाटीतून वारा निघून जातो. तरीही दोन चौरस मीटर पान वाऱ्याला आडवं राहिलं असं धरू. ताशी ४० किलोमीटरला रेटा पंधरा किलोंचा, तोही आठ फुटांवर. गुणाकार १२०. घडाचा होता ३०. शांत हवेत घड झाडाला पाडू पाहतो, पण वादळात पाडतो तो वाराच, आणि घड त्याला फक्त दिशा देतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी वाऱ्याच्या वेगाचा निकष ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ठेवला आहे, त्यामागचं कारण या गुणाकारात दिसतं. वाऱ्याच्या मापपट्टीवर हा वेग झाडांच्या मोठ्या फांद्या हलवणारा, छत्री धरणं अवघड करणारा वारा म्हणून मांडलेला आहे. आंब्याला तो झुलवतो, केळीला झोपवतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बागेच्या कडेला वारा अडवणारी झाडं ही टेकूचीच पहिली फळी आहे. पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ असली, तर कुंपणाच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग उतरतो. वेग चौथाईने जरी कमी झाला, तरी दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. दहा रुपयांच्या गवताने हजारांचा बांबू वाचतो, असं मी आकड्याने म्हणत नाही, पण ज्या बागेच्या कडेला कुंपण दाट आहे तिथल्या पहिल्या चार ओळी उभ्या राहतात आणि उघड्या बागेच्या त्याच चार ओळी आधी पडतात. कडेच्या ओळींना दुहेरी टेकू द्यावा तो यासाठीच.

आता प्रत्यक्ष टेकू. जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे बांबूची कैची. आठ-नऊ फुटांचे दोन बांबू घ्यायचे. वरच्या टोकापासून फूटभर खाली दोन्ही एकत्र दोरीने बांधायचे, पण घट्ट आवळायचे नाहीत, कारण ते उघडले पाहिजेत. उघडले की वर इंग्रजी एक्ससारखा आकडा होतो आणि वरची छोटी खोबण तयार होते. ही खोबण झाडाच्या गळ्याशी, म्हणजे घडाचा दांडा जिथून बाहेर पडतो त्याच्या किंचित खाली, घडाच्या बाजूने लावायची. खालची दोन टोकं घडाच्या बाजूला, बुंध्यापासून दोन-तीन हात पुढे आणि एकमेकांपासून दोन-अडीच हात दूर रोवायची. झाडाचा बुंधा आणि बांबूचे दोन पाय मिळून तिवई होते. तीन पायांवरची वस्तू डुगडुगत नाही, मग जमीन उंचसखल असली तरी. एकच बांबू लावला तर तो समोरचा रेटा घेतो, पण झाड डावी-उजवीकडे घसरतं आणि घडासकट वळून पडतं. एका बांबूवर भागवायचं असेल तर त्याला वरून दुबेळका, म्हणजे फांदीचा व्ही आकार असलेला, लाकडाचा तुकडा हवा आणि गळ्याला एक दोरी.

रोवताना पायाखाली कुदळीने वीतभर खड्डा घ्यायचा. नुसता मातीवर टेकवलेला बांबू पहिल्या पावसात सरकतो, आणि सरकलेला टेकू नसल्यापेक्षा वाईट, कारण आपण निश्चिंत असतो. बांबू गळ्याला जिथे टेकतो तिथे गोणपाटाची किंवा वाळलेल्या केळीच्या पानाची घडी घालायची. वाऱ्यात खांब हलतो, बांबू घासतो आणि बाहेरची साल कापली जाते. तिथून कूज शिरते, किंवा पुढच्या झोतात खांब त्याच कापावर मोडतो. बांबू फण्यांना लागता कामा नये, हे निर्यातीच्या मालाला फार जपावं लागतं. झाडावर असताना पडलेला इवलासा ओरखडा पिकल्यावर काळा डाग होऊन दिसतो आणि पेटीतून फणी बाहेर काढली जाते.

बांबू महाग झाले आणि मजूर मिळेनासे झाले, तेव्हापासून प्लास्टिकची पट्टी आली. खोक्यांना बांधतात तसली, पॉलिप्रॉपिलीनची. शेजारच्या दोन ओळींमध्ये समोरासमोरची झाडं एकमेकांना बांधली जातात, किंवा एकेका झाडाचा गळा घडाच्या विरुद्ध बाजूच्या झाडाच्या बुंध्याला. मला दुसरी रीत जास्त पटते. पट्टी शेजारच्या झाडाच्या जमिनीपासून फूटभर उंचीवर बांधायची, वर नाही. तिथे ओढ पडली तरी त्या झाडाला कलवायला जोर कमी मिळतो, कारण फुटाने गुणायचं असतं, सहाने नाही. एक झाड दुसऱ्याच्या गळ्याला बांधलं आणि वादळात एक पडलं, तर ते दुसऱ्याला घेऊनच पडतं. पडलेल्या बागांत अशा ओळीच्या ओळी जोडीने लोळलेल्या दिसतात.

पट्टीची गाठ जवळून पाहण्यासारखी आहे. गळ्याभोवती पट्टी एकदा फिरवून आवळली, तर खांब पोसताना ती सालीत रुतते. म्हणून तिची सैल कडी करायची, दोन बोटं आत शिरतील एवढी, आणि गाठ सरकणारी नको. दुसरं टोक बुंध्याला दोन वेढे देऊन बांधायचं. ताण द्यायचा तो हाताने ओढून पट्टी वाजेल इतका नाही, तर झाड सरळ उभं असताना पट्टी जेमतेम ताठ राहील एवढा. फार ओढली तर झाड उलट्या बाजूला कलतं आणि पट्टी खालीही खेचते. ४५ अंशांत ती बांधली असेल, तर जेवढी आडवी ओढ तेवढीच खाली ओढ झाडाला मिळते. बांबू आणि पट्टी यांतला हा फरक मी महत्त्वाचा मानतो. बांबू झाडाला खालून वर रेटतो, थोडंसं ओझंही उचलतो. पट्टी फक्त कलू देत नाही, आणि वर किंचित ओझं घालते. मजबूत खांबाच्या बागेला पट्टी पुरते. खांब बारीक आणि घड मोठा असेल, तर तिथे बांबूच हवा.

पट्ट्या उन्हात कडक होतात आणि दोन-अडीच महिन्यांत त्यांची ताकद उतरते. म्हणून एकदा बांधून बागेकडे पाठ फिरवून चालत नाही. घड निसवल्यावर आठवड्यात, केळफूल मोडण्याच्या सुमारास पहिली बांधणी, मग घड अर्धा पोसल्यावर एक फेरी, आणि वादळाचे दिवस लागण्याआधी दुसरी. या फेऱ्यांत सैल झालेल्या पट्ट्या आवळायच्या, रुतलेल्या सोडायच्या, तुटलेल्या बदलायच्या. बागेचा धनी स्वतः या फेरीला जातो तिथे केळी कमी पडते, हे मी पुष्कळ बागांत पाहिलेलं आहे.

पील बागेला जास्त जपावं लागतं. मूळ झाड कापल्यावर बाजूचा जो कोंब, म्हणजे पील, वाढवतात, त्याचा कंद मूळ कंदाच्या थोडा वर आणि कडेला तयार होतो. दर पिढीला कंद जमिनीच्या वरच्या थराकडे सरकतो, मुळं उथळ होतात. पहिली बाग ज्या वाऱ्यात उभी राहिली, त्याच वाऱ्यात पील बाग उलथते. म्हणून पिलाला नव्या लागवडीपेक्षा जास्त भर द्यायची आणि टेकूही आधी. पील बागेचा खर्च वाचतो हे खरं, पण तो वाचलेला पैसा काही प्रमाणात इथे परत द्यावा लागतो.

कापणीच्या दिवशी टेकूचा क्रम उलटा असतो, आणि अपघात याच वेळी होतात. आधी एकजण घडाखाली खांदा किंवा गादी लावतो. दुसरा दांडा कापतो. घड खांद्यावर आला, दूर नेला, मग पट्टी सोडायची किंवा बांबू काढायचा. घाईत आधी पट्टी कापली, तर पंचवीस किलोंचा घड आणि त्याहून जड खांब कापणाऱ्याच्या अंगावर येतात. “आधी घड धर, भाऊ, मग पट्टी,” हे मुकादम दर झाडाला का ओरडतो, ते नव्या मजुराने पहिल्या तासात समजून घ्यावं. घड निघाल्यावर ताण एकदम सुटतो आणि झाड उलट बाजूला झटका घेतं, त्या बाजूला कोणी उभं राहू नये.

बांबू काढले, की त्यांचं रोवलेलं टोक आधी पाहायचं. वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. खराब झालेला हातभर भाग कापून टाकला, की नऊ फुटांचा बांबू साडेसात फुटांचा होतो आणि कमी उंचीच्या झाडाला चालतो. नवे बांबू रोवण्याआधी खालच्या दोन फुटांना डांबर लावलं, तर ते आणखी हंगाम टिकतात. साठवताना ते आडवे, जमिनीपासून उचलून, सावलीत ठेवायचे. उभे ठेवलेले बांबू उन्हाने वाकतात, आणि वाकलेल्या बांबूचा टेकू दाबाखाली बाहेर फुगतो.

पट्ट्या मात्र शेतातच राहतात, आणि हे मला फार खटकतं. कापणीनंतर खांब तिथेच पाडून जमिनीत गाडतात, जे जमिनीसाठी उत्तमच. पण त्याच्यासोबत दर झाडामागची पट्टी, वर तिची गाठ, मातीत जाते. एका हेक्टरला पाच फूट बाय पाच फूट अंतराने ४,३०० च्या आसपास झाडं बसतात. प्रत्येकी तीन-चार मीटर पट्टी धरली, तर पंधरा किलोमीटर प्लास्टिक दर हंगामाला एका हेक्टरमध्ये. रोटाव्हेटरच्या दात्यात गुंतते, तुटते आणि कुजत नाही. सोडणाऱ्या मजुराच्या कमरेला एक पिशवी बांधली आणि कापलेली पट्टी लगेच तिच्यात टाकली, तर बाग मोकळी राहते. आधीच वापरलेली पट्टी पुढच्या हंगामाला लावू नये, ती उन्हाने ठिसूळ झालेली असते. पण ती जमा करून भंगारात द्यावी, बांधावर पेटवू नये.